थांबवलेल्या क्रेन

माऊसच्या चाकात ज्वारीचं पीठ अडकलं होतं. सकाळी भाकरी थापता थापता, अर्धवट पुसलेल्या हातानं तिनं तो पकडला होता, तेव्हाचं... आता ते वाळून पांढरं झालं होतं, आणि मोनिका केसांतल्या पिनेनं ते कोरून काढत बसली होती, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे करायचं ते करून झालं होतं. समोरच्या पडद्यावर बंदरातल्या सगळ्या क्रेन लाल दिसत होत्या. लाल म्हणजे थांबलेल्या. तिनं थांबवलेल्या – खर्डा गावातल्या या खोलीतून, पुण्याच्या ऑफिसातले साहेब फोनवर ‘थांब, थांब’ म्हणत असताना.

समुद्र इथून कुठल्या कुठे राहिला. बंदराच्या कॉम्प्युटरांत बाहेरच्या कुणी हात घालू नये म्हणून पहारा द्यायचा, ही तिची नोकरी. आणि ही नोकरी कशाशी खातात हे गल्लीत अजून कुणाला नीट कळलेलं नव्हतं. ‘आमची सून खर्ड्यात बसून बोटी हाकती,’ असं तिच्या सासूबाई, केशरबाई, गिरणीत सांगून आल्या होत्या, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हसू देत. बोटी कुठल्या हाकतेय मी, आख्ख्या बंदराला कुलूप घालून बसलेय!

साहेबांनी, म्हणजे योगेश सरांनी, स्वच्छ सांगितलं होतं. ‘क्रेनची देखभाल करणाऱ्या कंपनीचं अपडेट आहे ते, मोनिका. मेल आलाय, कुणाची परवानगी आहे तेही लिहिलंय, सगळं रीतसर आहे. तुला थांबवायचंच असेल तर तुझ्या जबाबदारीवर थांबव.’ तुझ्या जबाबदारीवर... म्हणजे आम्ही कानांवर हात ठेवले. ‘बरं सर,’ ती म्हणाली होती, आणि ते ‘थांब, थांब’ म्हणत असतानाच बटण दाबलं होतं.

रीतसर तर होतंच, कोण नाही म्हणतंय? पण बंदरातल्या सगळ्या क्रेननी ती फाइल एकाच क्षणी घ्यायला सुरुवात केली – एकाच क्षणी – आणि माणूस तसं करत नाही. माणूस एक क्रेन बाजूला काढतो, तिच्यावर फाइल टाकतो, हलवून बघतो, डोकं खाजवतो, मग दुसरीकडे वळतो. माहेरी, जामखेडजवळच्या मळ्यात, थ्री-फेज लाईट आली की ऑटोवर टाकलेल्या साऱ्या मोटरी एका दमात उठायच्या, विहिरीवर चिटपाखरू नसताना, आणि डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, धाडकन जायचा... हातानं चालू केलेल्या मोटरी अशा उठत नाहीत. कुणी चहा पीत असतो, कुणाला चप्पल सापडत नाही, एक इकडे सुरू होते, एक तिकडे. वडील ओट्यावर बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, ‘ऑटोवर हायेत समद्या. गेला बघा डीपी.’ सकाळी पडद्यावर सगळ्या क्रेनच्या ओळी एकदम हलल्या, तेव्हा तिला वडिलांचं तेच वाक्य ऐकू आलं. आता हे पुण्याच्या साहेबाला काय सांगणार? सर, डीपी जाईल म्हणून?

कॅमेऱ्यात एक कंटेनर अधांतरी लटकलेला दिसत होता, खाली बोट, वर काचेच्या खोलीत क्रेन चालवणारा माणूस. सकाळपासून तो तिथंच अडकला होता. कोण असेल? भुकेला असेल, शिव्या देत असेल, बिचाऱ्याला लघवीला लागली असेल... आणि बंदराबाहेर बोटी ताटकळलेल्या, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत. हे सगळं माझ्या एका बोटामुळे. चूक निघाली तर उद्या नोकरी नाही, आणि नोकरीचं एक वेळ जाऊ दे – पुन्हा कधी तिला काही दिसलं, तर कोण ऐकणार होतं? ‘तीच ना ती, उगाच बंदर बंद करणारी?’

केशरबाई ताट घेऊन आत आल्या. ‘आगं, सकाळधरनं खुर्चीला चिकटलीस. दोन घास खाऊन घे.’

‘भूक नाही, आत्या.’

‘आसं तोंड कशापायी केलंस? मेलंय का कुनी?’

‘नाही. मेलं असतं कदाचित.’

केशरबाईंनी पडद्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. ‘मंग तर जेवच,’ म्हणाल्या आणि ताट तिच्या मांडीवर ठेवून गेल्या.

भाकरीचा तुकडा मोडताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला चांगलीच भूक लागलीये. कमाल आहे! घाबरायला हवं होतं. ती मुद्दाम भीती शोधू लागली – साहेबांचा आवाज आठवला, लटकलेला कंटेनर पाहिला, गिरणीतल्या बायका आठवल्या – आणि शोधता शोधता दुसरंच काहीतरी हाती लागलं. चुकले असेन, तर चुकले. उद्या पुन्हा तसंच दिसलं तर पुन्हा थांबवीन. हे वाक्य तिच्या मनात इतकं सहज आलं की तीच दचकली, आणि मग सगळी भाकरी खाल्ली, ठेचा लावून.

फोन वाजला तेव्हा हात खरकटाच होता. योगेश सरांचा आवाज बसला होता. बंदरातल्या लोकांनी फाइल उघडून पाहिली होती. ती देखभालीच्या कंपनीची नव्हतीच. त्यांचं नाव घेऊन कुणीतरी घुसलं होतं. आत हुकूम होता – दुपारच्या पाळीत, ओझं वर असताना, ब्रेक सोडायचा. सगळ्या क्रेनचा. एकदम.

तो काचेच्या खोलीतला माणूस... आणि त्याच्या खाली उभे असलेले... जगले! गं बाई, जगले सगळे! तिला खिडकी उघडून गल्लीत ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही फुटलं. मी पाहिलं. मी ओळखलं. भल्याभल्यांना दिसलं नाही ते मला दिसलं!

‘मोठं संकट टळलं,’ सर म्हणत होते. ‘आपल्या टीमनं वेळेत निर्णय घेतला, असं मी वर कळवतोय.’

‘कुठल्या टीमनं, सर?’

‘म्हणजे... आपल्या.’

‘सर, निर्णय मी घेतला. तसंच कळवा.’

मग ते जरा समजुतीनं म्हणाले, ‘मोनिका, ऑफिसात असं एकट्याचं काही नसतं.’

‘सकाळी होतं, सर.’

हे आपण बोललो? आपल्याच तोंडून गेलं हे? ती ऐकत राहिली. शब्द मागे घ्यावा, थोडं हसून सारवासारव करावी, एवढा वेळ पलीकडून मिळत होता. तिनं तो तसाच जाऊ दिला. ‘बघतो,’ सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

केशरबाई दारातच उभ्या होत्या. ‘कोन हुतं?’

‘साहेब.’

‘काय म्हनला?’

‘तो काय म्हणणार? मीच म्हणाले.’

‘आगं बया! काढतो का काय तुला आता?’

‘काढेलही. माहीत नाही, आत्या.’

‘मंग हसतीस कशापायी?’

मोनिकाला सांगता येईना. ती हसत होती हे खरं होतं, आणि ते थांबवायची तिला काही घाई नव्हती.