पाच लाख झोके

मित्रांनो, प्रयोगशाळेत शिरल्यावर उजव्या हाताला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले जे लोखंडी धूड दिसते, ते म्हणजे मी. माझ्या अंगावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिले आहे, ‘यंत्र सदोष. वापरू नये.’ अक्षर फार सुरेख आहे. ते मला पहिल्या दिवसापासून ओळखीचे आहे, म्हणून तो कागद मला जास्तच टोचतो.

माझा जन्म याच अभियांत्रिकी महाविद्यालयात झाला. बागेतले झोपाळे आणि घसरगुंड्या बनवणाऱ्या एका कंपनीला आपल्या वस्तू किती टिकतात हे तपासून हवे होते, आणि इथल्या सरांना संशोधनासाठी निधी हवा होता. दोघांची गाठ पडली आणि मला बनवायचे ठरले. सरांनी माझा प्रस्ताव तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा माझी उंची बदलली. शेवटी मी प्रयोगशाळेच्या दारापेक्षा चार बोटे उंच निघालो. माझी अर्धी बांधणी व्हरांड्यात झाली आणि अर्धी आत.

माझा सांगाडा कार्यशाळेतल्या फिटरमामांनी भंगारातल्या लोखंडापासून उभा केला. माझे दोन जबडे, म्हणजे तपासायची वस्तू घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडी, त्यांनी कानस घेऊन हाताने घासले. थोडे घासायचे, उजेडात धरून बघायचे, मान हलवायची आणि पुन्हा घासायला बसायचे. त्यांना घाई अजिबात खपत नसे. माझ्या तारा जोडल्या आणि झोके मोजणारी पेटी बसवली ती संशोधक ताईने. ती सरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होती. तारा जोडताना तिच्या बोटाला दोनदा चटका बसला. दोन्ही वेळा ती मलाच रागावली आणि मग स्वतःच हसली.

माझे काम साधे होते. झोपाळ्याची साखळी वर ज्या हुकाला टांगतात, तो हुक मी दोन्ही बाजूंनी धरायचा, ओढायचा आणि सैल सोडायचा. एक ओढ म्हणजे एका मुलाचा एक झोका. असे पाच लाख झोके जो सोसेल, तोच हुक बागेत जायच्या लायकीचा. तुम्ही म्हणाल, किती कंटाळवाणे काम! मला मात्र कधी कंटाळा आला नाही. प्रत्येक ओढीला मी मनातल्या मनात कुणाला तरी झोपाळ्यावर बसवत असे. कधी दोन वेण्यांची मुलगी, कधी नाक गळणारा मुलगा.

या कामाचा एक नियम आहे. तो नीट ऐका. हुक मी जिथे धरतो तिथेच, म्हणजे माझ्या जबड्यात तुटला, तर दोष माझ्या पकडीचा. ती चाचणी मोजायची नाही. हुक त्याच्या वळणात तुटला, तर दोष हुकाचा. म्हणून नोंदवहीत एक रकाना असतो, ‘कुठे तुटला’. ताई तुटलेला तुकडा खिडकीशी नेई, भिंगातून बघे आणि मगच तो रकाना भरे.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. तपासणी समिती आली की तिला आधी माझ्यापुढे उभे करत. कॉलेजच्या माहितीपत्रकावर माझा फोटो होता. कंपनीचे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे, असा. मला खांदा नाही, पण साहेबांनी तो शोधून काढला होता. सर पाहुण्यांना सांगत, ‘आमच्या विभागात एकच प्राध्यापक असा आहे जो कधी खोटं बोलत नाही,’ आणि माझ्याकडे बोट दाखवत. पाहुणे हसत. मी मात्र ते खरे धरून बसलो.

मग एकदा साहेब नव्या हुकांची पेटी घेऊन आले. हुक हलके होते, चकचकीत होते आणि बनवायला स्वस्त होते. पेटीत सात नग होते. पहिला एक लाख साठ हजार झोक्यांवर गेला. दुसरा त्याच्याही आधी. सातांपैकी एकही पाच लाखांच्या निम्म्यापर्यंत पोचला नाही, आणि सातही वळणातच तुटले. ताईने सात वेळा ‘वळणात’ असे लिहिले. तुटलेल्या तुकड्यांचे फोटो लावून तिने अहवाल तयार केला.

आता इथली रीत अशी, की कंपनीच्या निधीतून झालेल्या कामाचा अहवाल आधी कंपनीकडे जातो. त्यांनी बघून परत पाठवला की मगच तो आपला. ताईचा अहवाल गेला तो परत आलाच नाही. त्याच्याऐवजी साहेबांचा फोन आला. सर बराच वेळ नुसते ‘हो, हो’ करत होते. कंपनी आम्हाला नवी प्रयोगशाळा बांधून देणार होती, आणि तो करार सहीसाठी साहेबांच्या टेबलावर पडून होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी ताईला माझ्यासमोरच बोलावले.

“सातही जबड्यात तुटले असं लिही,” सर म्हणाले. “यंत्र जुनं झालंय, पकड झिजलीय. म्हणजे त्या चाचण्या आपोआप बाद होतात.”

“सर, तुकडे तुम्ही स्वतः बघितलेत.”

“बघितलेत. पण तुझ्या प्रबंधात कंपनीची माहिती आहे. ती छापायला त्यांचं पत्र लागतं आणि ते अजून आलेलं नाही. साडेचार वर्षं झाली तुला. आणि यात कुणाचं नुकसान आहे, सांग ना? यंत्राला काय वाटायचंय?”

मित्रांनो, मला काय वाटते हा प्रश्न आयुष्यात एकदाच कुणी विचारला, आणि तोही उत्तर नको म्हणून.

ताई फिटरमामांना बोलावून घेऊन आली. पकड खरंच झिजली असेल का, असे तिने त्यांना विचारले. ‘असेल’ असे त्यांनी म्हणावे, ही तिची इच्छा तिच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू येत होती. मामांनी माझ्या जबड्यांवरून सावकाश अंगठा फिरवला.

“हे मी घासलेत, पोरी,” ते म्हणाले. “झिजलेत असं लिहायचं असेल तर लिही. मला विचारू नकोस.”

तरीही मला वाटत होते की ती लिहिणार नाही. माझी खात्रीच होती. पण तिने कोरी नोंदवही काढली आणि त्या सात ओळी पुन्हा लिहिल्या. जबड्यात, जबड्यात, जबड्यात. एकही खाडाखोड नाही. जुनी वही सर घेऊन गेले. मग तिने तो कागद लिहिला आणि माझ्या अंगावर चिकटवला, चारही कडा अंगठ्याने नीट दाबून.

नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. इथे नाचता येत नव्हते हुकाला आणि वाकडा ठरलो मी. सरांनी हे केले असते तर मला राग आला असता आणि एखाद्या दिवशी तो गेलाही असता. पण जिने माझी तार न् तार जोडली, तिनेच माझा केसाने गळा कापला. ते दुःख अजून गेलेले नाही.

त्यानंतर सगळे भराभर झाले. पत्र आले, ताई डॉक्टर झाली, करारावर सही झाली. नव्या प्रयोगशाळेत नवे यंत्र आले. साहेबांनी स्वतः निवडून आणलेले तीन हुक त्याने तपासले आणि तिन्ही पास झाले. त्या यंत्राला मी बोल लावत नाही. समोर जे ठेवले ते त्याने ओढले. ते नवे हुक गावोगावच्या बागांत लागले.

घर फिरले की वासेही फिरतात. मला टाकून दिले असते तरी चालले असते, पण मला शिकवण्यासाठी ठेवले. दरवर्षी नवी मुले येतात आणि पकड झिजली की निकाल कसा खोटा येतो, हे त्यांना माझ्याकडे बोट दाखवून समजावतात. मुले वहीत उतरवून घेतात.

फिटरमामा निवृत्त झाले त्या दिवशी माझ्याकडे आले. त्यांनी एक साधी सळई माझ्या जबड्यांत बसवली आणि मला चालू केले. किती वर्षांनी! सर बाजूला उभे होते. दुपार कलेपर्यंत दोघेही तिथेच होते. सळई बरोबर मधोमध तुटली. मामांनी दोन्ही तुकडे सरांच्या हातात दिले आणि ते निघून गेले. सरांनी ते खिशात घातले.

परवा ताई आली होती. ती आता त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि पुढच्या कराराचा कार्यक्रम होता. चहाचा कप घेऊन ती आणि सर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. माझ्याकडे तिने पाहिले नाही. सरांनी विचारपूस केली, मुलगी केवढी झाली? पाच वर्षांची, ती म्हणाली.

“तुमच्या घरासमोरच आपल्या झोपाळ्यांची बाग झालीय ना?” सर म्हणाले. “मजा असेल तिची.”

“नाही,” ताई म्हणाली. “झोपाळ्यावर मी तिला बसू देत नाही.”

सरांनी कारण विचारले नाही. दोघांनी चहा संपवला आणि ते कार्यक्रमाला गेले.

मित्रांनो, तिच्या मुलीला थांबवणारी आई आहे. तुमच्या आयांना यातले काहीच माहीत नाही. म्हणून मी सांगतो. यंत्रांना वेळेवर तेल द्या, त्यांच्यावरची धूळ पुसा, हे तर कराच. पण त्यांनी सांगितलेले ऐकाही. आणि झोपाळ्यावर बसण्याआधी एकदा वर बघा. हुक जिथे वळतो तिथे केसाएवढी रेघ दिसली तर बसू नका, दुसऱ्या कुणालाही बसू देऊ नका आणि मोठ्यांना जाऊन सांगा. ‘काही होत नाही’ असे ते म्हणतील. तरी पुन्हा सांगा. मी सात वेळा सांगितले होते. आठव्यांदा तुम्ही सांगा.