मनिषने दाखवलेली मोकळी जागा

माझा नवरा मनिष आमच्या पाड्याच्या वनसमितीचा सचिव. वैशाखात तलासरीहून एका संस्थेचे साहेब आले. हवामानाच्या योजनेत झाडं लावायला मोकळी जागा हवी म्हणाले, तर ह्या शहाण्याने सरळ खालचा उतार दाखवला. पाच वर्षं तारेचं कुंपण, आत कुणी जायचं नाही.

वैशाखात तो उतार उघडाबोडका दिसतो, कबूल. कडूकंदाचे वेल वाळून गेलेले असतात, कंद जमिनीत असतात. आषाढात कणगी रिकामी झाली की तेच चिरून, राख घालून उकडून, कडूपणा जाईपर्यंत ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून आम्ही घर चालवतो. खणतात बायका. पुरुषांना कंद ठाऊक तो ताटातला.

"कंद काय, कुठंपण मिळतील," मनिष म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुंपणाचा ठराव ग्रामसभेत येणार होता. तिथे बायका मागे भिंतीशी बसणार आणि पुढचे पुरुष हात वर करून मोकळे होणार, हे दरवेळचंच. म्हणून सभेच्या दिवशी आम्ही गेलोच नाही. पुरेशा बायका नसतील तर ठराव होत नाही, हे मनिषनेच मला एकदा ऐटीत सांगितलं होतं. पहारी घेऊन आम्ही सगळ्या उतारावर गेलो. खणताना मी सारखी पाड्याच्या वाटेकडे बघत होते. आमच्याशिवायच उरकून टाकलं तर?

दुपारी मनिष धापा टाकत आला. "संगिता, चल ना. तुम्ही नाय आलात तर सभा व्हायची नाय."

"मग सभा इथं आण," बारकी, माझी सासू, म्हणाली. "आम्हाला काम हाय."

आली सगळी, साहेबांसकट. बसायला जागा शोधू लागली, तर जिथे तिथे खड्डा आणि खड्ड्याशी बाई.

"जागा मोकळी म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं.

मनिष आता माझ्यावर भडकणार, असं मला वाटलं. पण तो खाली बघत म्हणाला, "चुकलं साहेब. मी कधी खणायला आलोच नव्हतो. झाडं वरच्या माळावर लावू. इथं तार नको."

"आणि साग नको, मोह लावा," माझ्या शेजारी खणणाऱ्या शुक्रीने बजावलं.

ठराव तसाच झाला. मातीने भरलेले हात वर गेले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हसू की रडू कळेना.

सासूने मनिषच्या हातात पहार दिली. पहिलाच कंद त्याने मधोमध तोडला, बायका खो खो हसल्या. मग तो दुसऱ्या वाळक्या वेलाशी जाऊन बसला.

"संगिता, इथं खणू का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जंगलातलं काही त्याने मला पहिल्यांदाच विचारलं.