कंबरेच्या नावावर खपलेला खुबा

“बघ ना आई, कशी ठुमकत चाललीय! कपडे वाळत घालायला निघालीय की नाचायला?”

हे वाक्य आमच्यासाठी नव्हतं. नणंद स्वयंपाकघरात सासूबाईंच्या कानाशी लागली होती. पण भांडी पुसता पुसता कुजबुजणाऱ्या माणसाला आपला आवाज किती लांब जातो याचा अंदाज नसतो. माझी मालकीण ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारापलीकडेच होती. तिने ऐकलं, आणि तिच्याबरोबर मीही. ती चाल मुळात माझ्यामुळे तशी होती, त्यामुळे ते वाक्य तिच्याइतकंच मलाही लागलं.

मी खुबा बोलतोय. डावा.

“कोण खुबा?” असं तुम्ही विचारलंत तरी मला राग नाही. बरगड्या संपल्या की गुडघा येईपर्यंत जे काही आहे त्या सगळ्याला लोक ‘कंबर’ म्हणून मोकळे होतात. मांडीचं हाड धडाला जिथे येऊन भिडतं, तो उखळीचा सांधा म्हणजे मी. हाडाचा गोल डोक्यासारखा गोळा आणि तो सामावून घेणारी वाटी, एवढाच माझा संसार. तुम्ही बसता, उठता, जिना चढता, मोजा घालायला पाय वर घेता, ते सगळं माझ्या जिवावर. दुखलो तर मात्र नाव कंबरेचं होतं. कधी गुडघ्याचं होतं. माझं कधीच होत नाही.

माझं दुखणं जन्माआधीचं. इतर बाळं डोकं खाली करून येतात. ही पायांकडून आली. पायाळू. आईच्या पोटात पाय दुमडून अवघडून बसल्यामुळे माझी वाटी पुरेशी खोल झालीच नाही. माझ्या वाट्याला वाटीऐवजी बशी आली म्हणा ना. तान्ह्या बाळाचे गुडघे दुमडून मांड्या हलक्या हाताने बाहेर उघडतात, तेव्हा निसटता खुबा हाताला ‘टक्’ असा जाणवतो. मी तितका निसटता नव्हतो, नुसता उथळ होतो. कुणाच्या हाताला लागलो नाही.

बालपण बरं गेलं. हाडं हलकी, वजन कमी, बशीतही निभावून गेलं. धावण्याच्या शर्यतीत ती शेवटून पहिली यायची आणि खेळाचे मास्तर म्हणायचे, “अंग मोडून धाव, कामचुकार कुठली!” तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. मुळातच मुलगी कमी बोलणारी. बघायची मात्र सगळं. मास्तर स्वतः जिन्याचा कठडा धरून चढतात, हे तिने कधीच टिपलं होतं.

मग लग्न झालं. नवं घर दुसऱ्या मजल्यावर. बसायला बुटकी स्टुलं, आणि फरशी पुसायची तर उकिडवं बसून. घर वाईट नव्हतं. नवरा साधा, सासरे टीव्हीपुढे समाधानी. सासूबाई म्हणजे जिभेला हाड नाही, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. नणंद जवळच राहायची आणि रोज डोकावून जायची. नव्या सुनेची चाल सगळ्यांनी बघितली आणि आपापला अर्थ लावला. नणंदेच्या मते नखरा. सासऱ्यांच्या मते चपला मोठ्या. नवरा म्हणाला, “मला तर छान वाटते.” बिचारा. त्याला तेवढंच सुचलं.

आत माझं काय चाललं होतं ते कुणाला दिसणार? वर्षानुवर्षं उथळ वाटीच्या काठावर भार पडून पडून काठ कुरकुरायला लागला होता. जांघेत कळ यायची. कधी ती मांडीवरून उतरून गुडघ्यात जाऊन बसायची. मालकीण रात्रंदिवस गप्प. असंच चाललं असतं तर माझ्या हाडांवरचा कूर्चेचा गुळगुळीत लेप घासून गेला असता, आणि एकदा तो गेला की परत येत नाही. आम्हा दोघांचं आयुष्य तिच्या तोंडातून शब्द निघण्यावर अडलं होतं. आणि ती तर तोंड शिवून बसलेली.

एक दिवस तिला भिंत धरून उठताना सासूबाईंनी पकडलं. “काय गं, कंबर धरलीय?” तिने मान डोलावली. झालं! कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला, मणके बघितले, मणके उत्तम होते. मी त्या फोटोत खालच्या कोपऱ्यात अर्धवट आलो होतो, लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या लांबच्या काकांसारखा. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. रुंद पट्टा मिळाला. तो कंबरेला आवळून ती महिनाभर फिरली. कंबरेची बडदास्त राहिली आणि मी उपाशी.

पट्ट्याने गुण येईना, तेव्हा सासूबाई तिला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. आणि इथे मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर दृश्य बघायला मिळालं.

डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, पायात रबरी चपला. त्यांनी फोटोच्या पाकिटाला हात लावला नाही. त्या आधी खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि आम्हाला बाकापासून टेबलापर्यंत येताना बघत राहिल्या. मग विचारलं, “कुठे दुखतं?”

“कंबर हो,” सासूबाई म्हणाल्या. “जरा नाजूकच आहे आमची सून.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

“बसताना की चालताना?”

“दोन्ही. आणि सकाळी जास्त.”

“तुमची कंबर कशी आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“माझी? माझी ठणठणीत आहे.”

“मग आता तिला बोलू दे. पोरी, तोंडाने सांगू नकोस, हाताने दाखव.”

तिने अंगठा मागे आणि बोटं पुढे ठेवून मला बाजूने पंजात पकडलं, घागरीचा गळा धरावा तसं. डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “कंबर दुखणारा माणूस मागे हात लावतो. असा पंजा खुब्याला पडतो. दुखतोय तो खुबा.”

खुबा! जन्मल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. मला सांगता येणार नाही, मला काय झालं ते.

“जन्म कसा झाला तुझा? डोक्याकडून की पायांकडून?”

सासूबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

“पायाळू आहे मी,” ती म्हणाली.

“अस्सं!” डॉक्टरीणबाई हसल्या. “चल, झोप इथे.”

मग त्यांचे हात. आधी त्यांनी ते एकमेकांवर चोळून ऊबदार केले. सुरुवात माझ्यापासून केलीच नाही, माझ्या जुळ्या भावापासून केली, उजव्या खुब्यापासून. “आधी न दुखणारी बाजू. म्हणजे दुखणारी किती बिघडलीय ते कळतं, आणि पेशंटचा विश्वासही बसतो.” मग माझ्या बाजूचा सरळ ठेवलेला पाय लाटणं फिरवावं तसा आत-बाहेर हलवला. टाच धरून सरळ वर उचलला. “मणक्यातून येणारी शीर ओरडत नाहीये,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. कंबर सुटली आरोपातून!

मग त्यांनी एक तळवा तिच्या पाठीखाली सरकवला आणि उजवा गुडघा छातीशी धरायला लावला. पाठीची कमान सपाट झाली आणि त्याबरोबर माझी मांडी टेबलावरून आपोआप उचलली गेली. इतके दिवस मी पूर्ण सरळ होत नव्हतो आणि कंबर आपली कमान वाढवून माझी बाजू सावरून घेत होती. कंबरेबद्दल मी बरंच वाईट बोललो, पण ती माझ्यासाठी खपत होती हे मला त्या टेबलावर समजलं.

नंतर त्यांनी डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवून डावा गुडघा हळूच बाहेर दाबला. “जांघेत की मागे?” “जांघेत.” शेवटी गुडघा वर दुमडून, आत वळवून, पाऊल बाहेर फिरवलं. तिथे मी किंचाळलो आणि माझ्याऐवजी ती किंचाळली, “आई गं!”

सुनेचा एवढा मोठा आवाज सासूबाईंनी पहिल्यांदाच ऐकला. त्या दचकून उठल्या. “मला हाक मारलीस का गं?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण उठलाच आहात तर इकडे मागे या. एक गंमत दाखवते.”

त्यांनी तिला उभं केलं. मागच्या बाजूला कमरेखालच्या दोन्ही हाडांवर आपले अंगठे ठेवले. “आता उजवा पाय उचल.” सगळा भार माझ्यावर आला. माझ्या बाहेरच्या अंगाला पंख्यासारखा पसरलेला स्नायू असतो. एका पायावर उभं राहिलं की दुसरी बाजू तो वर तोलून धरतो. उथळ बशीत राहून तो बिचारा दुबळा पडलेला. उजवी बाजू ढासळली, अंगठा खाली गेला आणि तिचं सगळं अंग डावीकडे झुकलं.

“अगं अगं, पडशील!” सासूबाईंनी तिचा दंड धरला.

“मुद्दाम करतेय का ती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे हो! मुद्दाम कोण कशाला…”

“चालताना एकेका पावलाला हेच होतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय डौल आहे!”

सासूबाईंनी तिचा दंड सोडला नाही, पाय खाली टेकल्यावरही.

फोटो मग निघाला. माझा, अगदी मधोमध. तो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हातांना कळलं होतं तेच आहे. वाटी उथळ आहे, पण लेप अजून शाबूत आहे. वेळेवर आलात. रोज सकाळी व्यायाम, उकिडवं बसणं बंद, आणि तीन महिन्यांनी परत भेटू. पुढेमागे वाटी फिरवून बसवायची शस्त्रक्रिया लागेलही. पण ते हिने ठरवायचं.”

मी नुसता हाडांचा सांधा. पण जगात अशी बोटं असतात जी कातडीवरून फिरून आतलं वाचतात, हे बघितल्यापासून माणसांबद्दलचं माझं मत बरंच सुधारलंय. तुम्हाला एक विनवणी करतो. दुखेल तेव्हा ‘कंबर’ म्हणून मोकळे होऊ नका. बोट ठेवून दाखवा, आणि आपल्या दुखण्याचं उत्तर दुसऱ्याला देऊ देऊ नका.

संध्याकाळी घरी सभा भरली. नणंद आलीच होती. “म्हणजे जन्मापासूनच होतं! आणि तिच्या माहेरच्यांनी अवाक्षर काढलं नाही? सरळ लपवलं की!”

“तसं नसेल गं,” सासूबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

“मग व्यायाम-बियाम होईपर्यंत माहेरीच राहू दे ना. त्यांनाच निस्तरू दे.”

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. नवरा ताटात बघत म्हणाला, “म्हणजे… तिला तिकडे आराम मिळेल, असं असेल तर…”

सगळे तिच्याविषयी बोलत होते आणि ती तिथेच उभी होती, सगळा भार उजवीकडे टाकून, मला जपत. मला वाटलं, आता नेहमीसारखी आत निघून जाईल. तिने पाऊल उचललंही. पण ते आत जाण्यासाठी नव्हतं. तिने भिंतीकडची खुर्ची ओढली, त्यांच्या मधोमध ठेवली आणि बसली.

“कुणी काही लपवलं नाही, ताई. मलाच आज कळलं. मी माहेरी जाणार नाही, मी इथेच बरी होणार. सकाळी मी व्यायाम करेन, तेव्हा चहा दुसरं कुणीतरी ठेवा. आणि फरशी उभ्याने पुसायचा दांडा आणा. दोन आणा. आई, तुम्हीही उकिडव्या बसू नका.”