सालेहेची पडजीभ

माझ्या सासूबाई, बी म्वाजुमा, यांना खोकल्यावर एकच औषध माहीत: पडजीभ कापा. आमच्या टांझानियात, मोरोगोरोकडे, घरटी एकाची तरी कापलेली असतेच. माझ्या नवऱ्याची, शोमारीची कापलीय. सासूबाईंची तर लहानपणीच. त्यामुळे माझा पाच महिन्यांचा सालेहे खोकून खोकून दूध टाकायला लागला, तेव्हा मला विचारतंय कोण! स्वतः खोकत खोकतच त्यांनी कापणाऱ्या किबेना म्हाताऱ्याला सांगावा धाडला.

मी म्हटलं, बरं! पोराला पाठीशी बांधलं, भाड्याच्या मोटारसायकलवर बसले आणि थेट सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोराचा सदरा वर केला आणि आधी नुसत्या बघत राहिल्या. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मग छातीला नळी लावून ऐकलं, पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला, नाकात बारीक काडी फिरवून ती तपासायला पाठवली.

"विषाणू आहे," काडीचा निकाल आल्यावर त्या म्हणाल्या. "छातीतल्या बारीक नळ्या सुजल्यात. याला मारायचं औषध नाही. ऑक्सिजन देऊ, नळीनं दूध देऊ. तेवढ्यावर तो स्वतःच लढेल. घरात मोठं कुणी खोकतंय का?"

"खोकतंय तर!" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला सासूबाई हजर. मागे किबेना.

"औषधच नाही म्हणाली ना तुझी डॉक्टरीण? मग पोराला इथं काय हवा खायला आणलंस?"

"हो, हवाच खातोय. म्हणून जिवंत आहे."

किबेनानं फडक्यातून वाकडी सुरी काढली. "एवढुसं काम, पोरी. तोंड उघडून धर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धड श्वास घेता येईना त्या जिवाला, आणि हे घशात सुरी घालणार! मी सालेहेला नळीसकट छातीशी धरलं.

"हात तर लावून बघा!"

"उलट बोलतेस? शोमारीला सांगून घराबाहेर काढीन!" सासूबाई ओरडल्या, आणि रागानं त्यांनाच खोकल्याची अशी ढास लागली की थांबेचना.

मी ढास थांबू दिली. मग विचारलं, "आई, तुमची पडजीभ कापलीय ना? मग हा खोकला कुठून आला?"

शेजारच्या खाटांवरच्या बाया फिदीफिदी हसल्या. किबेनाचा चेहरा उतरला. सासूबाईंची पडजीभ त्याच्याच बापानं कापली होती.

"पुन्हा वाढली असेल," तो पुटपुटला.

"मग आधी त्यांचीच कापा. मी धरते तोंड! आजार रेड्याला न् इंजेक्शन पखालीला! अहो, तुमचाच खोकला गेलाय पोराच्या छातीत."

सासूबाईंनी अंगावर पांघरलेल्या कांगाचं टोक तोंडावर गच्च दाबलं. माझ्याकडे बघितलं, सालेहेकडे बघितलं, आणि बाहेर गेल्या. किबेना सुरी गुंडाळत त्यांच्या मागे.

पुढच्या आठवड्यात नाकातली नळी निघाली. सालेहेनं दूध असं ओढलं की मी कळवळले. खिडकीबाहेर सासूबाई उभ्या होत्या. कांगा तोंडावर तसाच.

"पितोय का गं?"

"पितोय. पण तुम्ही आत यायचं नाही अजून."

"नाही येत गं बाई," त्या म्हणाल्या, आणि तिथंच पायरीवर बसून राहिल्या.