काचेतलं न हलणारं पाणी

१९६८ साल होतं. वर्ष मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी शेजारच्या गावातल्या एका लाँड्रीचा बॉयलर फुटला आणि आमच्या लाँड्रीतल्या बायका भिंतीला पाठ टेकेनाशा झाल्या.

आमची इस्त्रीखोली बॉयलरच्या खोलीला लागून होती. मध्ये एकच भिंत. थंडीच्या दिवसांत त्या भिंतीलगतच्या टेबलासाठी आमची भांडणं व्हायची, कारण पाठीला छान ऊब लागे. फुटलेल्या लाँड्रीची रचनाही अशीच होती. भिंत आतल्या बाजूला कोसळली आणि इस्त्री करणाऱ्यांपैकी कुणी उरलं नाही, असं दूध घालायला येणाऱ्या माणसाने सांगितलं. त्या दिवसापासून ते उबदार टेबल रिकामं पडलं.

मी तेव्हा चादरींना इस्त्री करायचे. माझ्या शेजारी वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद. तिनेच मला तिथे चिकटवलं होतं आणि माझं 'भागूबाई' हे नावही तिनेच पाडलं होतं. भित्री भागूबाईतली भागूबाई. ते खोटंही नव्हतं. मी स्टोव्ह पेटवताना तोंड फिरवायची, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची, आणि ह्यांना यायला उशीर झाला की मनातल्या मनात त्यांचे दिवससुद्धा घालून मोकळी व्हायची.

बॉयलरवर दोन माणसं असत. एक मिस्त्री, ज्यांचं सारं आयुष्य त्या भट्टीपुढे गेलं होतं, आणि दुसरा त्यांच्या हाताखालचा. हा दुसरा ती बातमी आल्यावर "मामा आजारी आहे" असं सांगून गेला, तो गेलाच. मग एका दुपारी मॅनेजर आणि मिस्त्री इस्त्रीखोलीत येऊन उभे राहिले.

"बाहेरून कुणी यायला तयार नाही," मॅनेजर म्हणाले. "तुमच्यापैकी कुणी बॉयलरचं काम शिकणार का? पगार वाढेल."

कुणी वर बघेना. सगळ्यांना आपापल्या चादरीतल्या सुरकुत्या अचानक फार महत्त्वाच्या वाटू लागल्या.

"आमच्या भागूबाईला न्या की!" वन्सं म्हणाली. "उकळत्या चहाला घाबरते ती. बॉयलर तिला बघूनच गार पडेल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

"चालेल," ते म्हणाले. "गेला तो शूर होता. कधी लक्ष द्यायचा नाही. मला घाबरणारंच माणूस पाहिजे."

घरी आल्यावर मी रडले. आमचे हे शिंपी होते. तोंडातला दोरा न काढताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको वाटत असेल तर नको करू. माझी चुकली तर शिलाई उसवता येते. तुझं चुकलं तर काय उसवणार?"

"म्हणजे मला जमणार नाही म्हणता?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

म्हटलं नव्हतं, पण मला ते ऐकू आलं. आणि दुसरं असं की, भिंतीच्या त्या बाजूला बसून मी रोज घाबरतच होते. तिथे नुसतं घाबरण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मी गेले.

बॉयलर म्हणजे एक मोठं आडवं पोलादी पिंप. पोटात पाणी आणि त्यातून आगीची धग नेणाऱ्या पोलादी नळ्या, खाली कोळशाची भट्टी. पुढच्या अंगाला हातभर लांबीची काचेची उभी नळी. पोटात जितकं पाणी, तितकंच त्या नळीत दिसायचं. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला त्या काचेपुढे उभं केलं.

"पाणी कमी झालं तर काय होईल?"

"वाफ कमी होईल," मी म्हणाले.

"आतल्या नळ्या उघड्या पडतील. उघड्या पडल्या की लाल होतील. आणि अशा लाल नळीवर गार पाणी सोडलं, तर..." त्यांनी नुसतं भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडून वन्संचं हसणं ऐकू येत होतं. मिस्त्रींची लेकही तिकडेच असायची, शाळा सोडून नुकतीच चादरींच्या घड्या घालायला लागली होती.

"म्हणून काचेत पाणी दिसेनासं झालं तर पाणी सोडायच्या पंपाला हात लावायचा नाही. आधी आग मारायची. ही कोपऱ्यात ओली राख आहे ना, ती भट्टीत फेकायची, दार लावायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं. घाबरलेला माणूस पाण्याकडे धावतो. तू राखेकडे धावायचं."

मग त्यांनी काचेची परीक्षा शिकवली. काचेखाली छोटी तोटी होती. ती उघडली की काचेतलं पाणी फुस्सकन निघून जाई. तोटी बंद केली की पाणी उडी मारून परत आपल्या जागी यायला हवं. आलं तर काच खरं बोलते आहे. नाही आलं तर आतली वाट तुंबली आहे, आणि दिसतं आहे ते पाणी बॉयलरचं नव्हेच.

"पाणी परत येईपर्यंत डोळा हलवायचा नाही," ते म्हणाले. "पाहुणा दारात आला म्हणून भागत नाही, आत येऊन बसेपर्यंत बघायचं."

पहिल्यांदा तोटी उघडली तेव्हा त्या आवाजाने मी मागे उडाले आणि कोळशाच्या ढिगात बसले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ऊठ. काच कोण बघणार, तुझी सासू?"

दिवस गेले. भीती गेली नाही. सकाळी लाँड्रीच्या फाटकाशी आले की परत फिरावंसं वाटायचं ते वाटायचंच. कुणी कुणी सांगतात की सवय झाली की भीती मरते. माझं तसं झालं नाही. पण रोज त्याच वेळी तीच भीती घेऊन तीच तोटी उघडायची, पाणी उडी मारताना बघायचं, एवढं झालं की पुढचे काही तास मी माणसांत असायचे. मग कोळसा किती, हवा किती, धूर कोणत्या रंगाचा, हे एकेक समजू लागलं. जिवंत पाणी काचेत सारखं थरथरत असतं, तेही मीच बघून बघून शिकले. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "असतं. मला सांगायचं सुचलं नव्हतं." त्या दिवशी मी घरी चालत नाही, तरंगत गेले.

मॅनेजर मात्र वैतागायचे. "मिस्त्री परीक्षा करतात, मग तुम्ही येऊन परत तेच करता. वाफ काय फुकट येते?"

"करू दे तिला," मिस्त्री म्हणायचे. "नाहीतर दिवसभर माझं डोकं खाईल."

वन्सं तर घरीसुद्धा सोडत नसे. मी स्टोव्ह दोनदा बघायला उठले की म्हणायची, "झाली का परीक्षा? पास झाला का स्टोव्ह?"

तो दिवस साधाच होता. ऊन पडलं होतं. हॉस्पिटलच्या चादरींचा मोठा ढीग आला होता, त्यामुळे सगळी यंत्रं सुरू होती आणि वाफ भरपूर लागत होती. मिस्त्रींनी पहाटेच भट्टी पेटवली होती. मी पोचले तेव्हा ते दारात बसून चहा पीत होते.

"परीक्षा झाली बरं का," ते हसून म्हणाले.

"बरं," मी म्हणाले आणि काचेकडे गेले.

काच अर्धी भरलेली होती, पाणी अगदी जिथे असायला हवं तिथे. मी तोटीला हात लावला आणि थांबले. पाणी हलत नव्हतं. भट्टी रोरावत होती, पायाखालची फरशी थरथरत होती, आणि ते पाणी मात्र पेल्यात ओतून ठेवल्यासारखं गप्प होतं.

मी तोटी उघडली. काच रिकामी झाली. बंद केली. पाणी आलं नाही.

मी डोळा हलवला नाही. वरून एक थेंब काचेच्या आतून ओघळला. मग दुसरा. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. काही नाही. मग थेट बॉयलरच्या पोटाला, काचेच्या खालच्या टोकाच्या उंचीवर, खात्रीसाठी दुसरी तोटी होती ती उघडली. तिथून पाणीच यायला हवं. नुसती कोरडी वाफ शिट्टी वाजवत बाहेर आली.

मी दाराकडे वळून ओरडले. "मिस्त्री! पाणी नाही!"

कप खाली पडला. ते धावत आले, त्यांनी काच बघितली, मग भिंतीकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. तो मिस्त्रींचा नव्हता, एका बापाचा होता.

"पोरगी आत आहे," ते म्हणाले आणि वळले. राखेकडे नाही, पंपाकडे.

मला आधी कळलंच नाही. ज्यांनी मला शिकवलं, ते चुकीचं कसं करतील? वाटलं, त्यांना काहीतरी जास्त ठाऊक असेल. त्यांचा हात पंपाच्या दांड्यावर पडला तेव्हा माझे पाय हलले. मी त्यांच्या मनगटाला लटकले.

"सोड!" त्यांनी मला झिडकारलं. "पाणी घालू दे! सोड, बाई!"

"राख!" मी ओरडले. "मिस्त्री, राख! राख!"

दुसरा शब्दच मला सुचत नव्हता. त्यांनी पुन्हा ढकललं, माझं डोकं पाइपावर आपटलं, पण मी हात सोडला नाही. मी शूर झाले नव्हते. मला त्या दांड्याची बॉयलरपेक्षाही जास्त भीती वाटत होती, एवढंच.

मग त्यांचा हात एकदम सैल पडला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आत्ताच झोपेतून उठले. त्यांनी फावडं उचललं.

मी भिंतीतल्या लहान दारातून ओरडले, "सगळ्या बाहेर! रस्त्यावर! काही घेऊ नका, निघा!" मिस्त्रींच्या लेकीने एका शब्दानेही विचारलं नाही. बायकांना ढकलत ढकलत ती बाहेर घेऊन गेली. मी परत येऊन दुसरं फावडं घेतलं. भट्टीच्या उघड्या दारातून निखारे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. राख टाकली की धूर उसळे, डोळ्यांतून पाणी वाहे. बॉयलरमधून टक्, टक् असा आवाज येऊ लागला. प्रत्येक आवाजाला मी मान आखडून घ्यायची आणि पुढचं फावडं भरायची.

तेवढ्यात दारात वन्सं. पदराने तोंड झाकलेलं.

"अगं वहिनी, चल बाहेर! मरायचंय का तुला?"

आजवर मी तिला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. "निघ!" मी किंचाळले. "निघ इथून! मूर्ख आहेस का तू?"

ती खरंच निघाली.

भट्टी काळी पडली, दार लागलं, आणि मिस्त्री म्हणाले, "आता तूपण बाहेर." आम्ही दोघं सर्वांत शेवटी निघालो. रस्त्यापलीकडे बायका घोळक्याने उभ्या होत्या. मॅनेजर हातात टोपी धरून विचारत होते, "फुटणार का? फुटणार का?" कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही नुसते इमारतीकडे बघत बसलो. टकटक बाहेरपर्यंत ऐकू येत होती, मग हळूहळू तिच्यातलं अंतर वाढत गेलं. ऊन उतरेपर्यंत ती थांबली. माझे दात मात्र त्यानंतरही वाजत होते. वन्संने आपली शाल माझ्यावर टाकली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "मला मूर्ख म्हणालीस."

बॉयलर गार झाल्यावर उघडला, तेव्हा वरच्या नळ्यांवर निळसर झाक आली होती. पोलाद इतकं तापलं होतं. काचेकडे जाणारी खालची वाट पाण्यातल्या क्षारांच्या पांढऱ्या थराने बुजली होती. मिस्त्रींनी सकाळी तोटी उघडली होती हे खरं, बंदही केली होती. पण इतक्या वर्षांत त्यांना फुस्स आवाज पुरेसा वाटू लागला होता. आवाज झाला की मान वळायची. पाणी परत आलंच नाही, हे त्यांनी बघितलं नाही. नंतर वरून येणारी वाफ काचेत गार होऊन थेंब थेंब साचली, अर्धी काच भरली, आणि ती बघून त्यांनी पंप लावला नाही.

हे सगळं त्यांनीच मॅनेजरना सांगितलं, मला समोर उभं करून. "हात करत होता, डोळा घरी होता," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कामावर आले, पण परीक्षा आम्ही दोघांनी मिळून करायची असं त्यांनीच ठरवलं. एकाने तोटी फिरवायची, दुसऱ्याने पाणी आलं की मोठ्याने "आलं" म्हणायचं. पहिल्या दिवशी "आलं" म्हणताना त्यांचा आवाज कापला. मी काच बघत राहिले, त्यांच्याकडे बघितलं नाही.

पुढे मी बॉयलरची सरकारी परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, कारण समोर बसलेल्या साहेबाला बघून मला काहीच आठवेना. दुसऱ्यांदा पास झाले. लाँड्रीत निवृत्त होईपर्यंत भट्टीपुढेच होते.

मिस्त्री आणखी काही वर्षं राहिले, मग गुडघे गेले आणि ते लेकीकडे राहायला गेले. भेटायला गेले की त्यांना भट्टीच्या गप्पा नको असायच्या, पत्ते हवे असायचे, आणि ते पत्त्यांत लबाडी करायचे. आजारपण न भोगता गेले.

मॅनेजरांनी पुढे स्वतःची लाँड्री काढली, विजेवर चालणारी. "भट्टीचं तोंड बघायला नको," म्हणायचे. ती चांगली चालली.

लाँड्रीची जुनी इमारत पाडली. तिथे आता गाड्या उभ्या करतात.

आमच्या ह्यांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. जाण्याआधी त्यांनी मला एकदाच विचारलं, "त्या दिवशी तू पळून का नाही आलीस?" मी म्हणाले, "सुचलं नाही." त्यांना ते उत्तर आवडलं नसावं, पण खरं तेच होतं.

वन्सं नव्वदीला टेकली होती. शेवटच्या वर्षी तिला माणसं ओळखू येईनात. मला मात्र ती बघताक्षणी नर्सला सांगायची, "हिच्याशी नीट बोला हं. मोठ्या नणंदेला मूर्ख म्हणाली आहे ही."

मिस्त्रींची लेक इस्त्रीखोलीत राहिली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, मला शिकवा." मी तिला पहिल्या दिवशी विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, फार. मी तिला काचेपुढे उभं केलं. नंतर तिने एका मोठ्या हॉस्पिटलचं बॉयलरघर सांभाळलं. आता तीही निवृत्त झाली आहे, गुडघे बापावर गेले आहेत, आणि पत्त्यांत तीही लबाडी करते.