लिंबाची जागा

"हे लिंबू हललंय," पेंटर मोठ्यानं म्हणाले. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं, ते एक बरं झालं.

काल ते निळ्या बाटलीला खेटून होतं. बाटलीची निळी झाक लिंबाच्या कडेवर पडली होती आणि तेवढी झाक साधायला त्यांची अख्खी सकाळ गेली होती. आज लिंबू चार बोटं लांब, तांब्याच्या किटलीपाशी. चित्रात एकीकडे आणि टेबलावर दुसरीकडे.

चाळीस वर्षं या गृहस्थानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. जाड, टपोरी, सावली दिलेली अक्षरं. मनात मात्र तैलचित्र घोळत होतं. शेवटी वाचनालयाचे कारभारीच म्हणाले, "पेंटर, समोरची भिंत मोकळी आहे. काहीतरी मोठं करा की!" झालं! नऊ फूट बाय आठ फूट कॅनव्हास चौकटीवर ताणला, आणि मग लक्षात आलं की तो दारातून बाहेर निघणारच नाही. बायको पोट धरून हसली. "आता वाचनालयच इकडे आणा," म्हणाली.

टेबलावर गडद हिरवी चादर. तिच्यावर किटली, बाटली, बंद पडलेलं घड्याळ, पाचसहा कांदे आणि एक लिंबू. आधी कोळशानं आखणी, मग टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या तपकिरी रंगाचा पातळ हात. तो वाळला की जवसाच्या तेलातला जाड रंग, थरावर थर. अशा कामाला महिने लागतात आणि तोवर टेबलावरचं काही जागचं हलता कामा नये. लिंबू सुकलं की नवं आणायचं, पण ठेवायचं त्याच जागी.

आणि आता ते आपोआप हललं होतं. आपोआप कसं हलेल? आपणच हलवलं असणार आणि विसरलो असणार. पेंटरांना थोरला भाऊ आठवला. याच वयात दादा चष्मा पिठाच्या डब्यात ठेवायला लागले होते. पुढे स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा रे" म्हणून रडायचे. हे कधीकधी घराण्यात असतं, असं डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते. ते वाक्य पेंटरांच्या डोक्यात रुतून बसलं होतं.

त्यांनी खडू घेतला आणि प्रत्येक वस्तूभोवती रेघ काढली. लिंबाभोवती दोनदा. आता बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबू घड्याळाच्या डोक्यावर होतं आणि चादरीवर एकही रेघ नव्हती. पेंटरांनी खिसा चाचपला. खडूचा तुकडा होता, झिजलेला. म्हणजे रेघा काढल्या होत्या. मग पुसल्या कुणी? मीच? त्यांचं धाबं दणाणलं. त्या दिवशी ब्रश हातात धरवेना.

"जेवताय ना? की नुसतं चिवडताय?" बायकोनं विचारलं.

"जेवतोय. सारखं काय विचारतेस?"

एरवी तिनं दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती गप्प बसली. पेंटर स्वतःच्याच भीतीत एवढे बुडालेले की ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॅनव्हास सैल पडून त्याचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं. चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकायला पेंटर त्याच्या मागे जाऊन बसले. एवढं मोठं चित्र, मागे माणूस आहे हे कुणाला कळणार! तेवढ्यात चपला वाजल्या. बायको आत आली, ओलं फडकं घेऊन.

"काय ही पांढरी घाण," असं म्हणत तिनं नव्यानं काढलेल्या रेघा पुसल्या. लिंबू उचलून बाहेर गेली आणि पुन्हा आत आली. टेबलासमोर उभी राहिली, हातातल्या लिंबाकडे बघत.

कॅनव्हास आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून हे सगळं दिसत होतं. पेंटरांचा जीव भांड्यात पडला. आपण नाही! हलवणारी ही आहे! आपलं डोकं शाबूत आहे! त्यांना हसू फुटलं, अगदी मनापासून.

"कुठून आणलं मी हे?" ती लिंबाला विचारत होती. "कुठलं गं तू? सांग ना."

पेंटरांचं हसू जागच्या जागी थिजलं. आपण कशावर हसलो, ते आत्ता त्यांना कळलं. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"अगं..." ते बाहेर आले.

ती दचकली. लिंबू टेबलाखाली घरंगळलं. "तुम्ही बघत होता?"

"कधीपासून होतंय हे?"

"झाले पाचसहा महिने." ती फडकं पिळत राहिली. कोरडं झालं तरी पिळत राहिली. "लेकीला सांगू नका हं. येईल धावत आणि घेऊन जाईल मला." मग जरा थांबून म्हणाली, "दादा तुमचे. माझ्या माहेरी कुणाला नव्हतं हो हे. आजार चुकून भलत्याच माणसाकडे आला की काय?"

ती हसली. पेंटरांना हसता येईना. त्यांना तिच्याहून जास्त भीती वाटत होती आणि ती कुठे ठेवावी कळत नव्हतं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. चित्र आठ दिवस तसंच पडून होतं. पेंटरांनी स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याभोवती खडूची रेघ काढली. डब्यांवर रंगानं नावं घातली: साखर, चहा, मीठ. टपोरी, सावली दिलेली अक्षरं.

"दुकान थाटलंत की माझं!" ती म्हणाली. अक्षरांवर बोट फिरवत 'मीठ' वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

मग पेंटर चित्रासमोर उभे राहिले. बाटलीजवळचं, निळी झाक असलेलं लिंबू त्यांनी सुरीनं खरवडून काढलं. घड्याळाच्या डोक्यावर नवं रंगवायला घेतलं, तिनं ठेवलं होतं तिथे.

पायाशी काहीतरी खसखसलं. बायको खाली बसली होती. हातात खडू, आणि त्यांच्या अनवाणी पावलांभोवती ती सावकाश रेघ काढत होती.

"हे काय गं?"

"मला कळायला नको का, तुमची जागा कुठली ते? हलू नका."

ब्रशावरचा पिवळा रंग ओघळून मनगटावर आला. पेंटर हलले नाहीत.