बिंदोच्या नावाची चिठ्ठी

“आता निघेल बघ!” बिंदो रंगारी पुटपुटला आणि कोपरापर्यंत निळे पडलेले हात त्यानं काखेत लपवले.

मठातले साधू फ्रा दोनातो यांनी चामड्याच्या पिशवीतून आठवी चिठ्ठी काढली. नगरभवनाच्या पायरीवर उभ्या असलेल्या कारकुनानं, नेरोत्सोनं, ती मोठ्यानं वाचली. नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. दोन महिन्यांसाठी नगराचे आठ पंच ठरले आणि गर्दी पांगू लागली.

“माझं नशीब म्हणजे अडेल खेचर आहे, नेरो,” बिंदो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. “बाप दोनदा पंच झाला याच पिशवीतून. मी आपला नऊ वर्षं उन्हात उभा!”

लहानपणापासूनच्या या मित्राकडे नेरोत्सोला बघवेना. पिशवीत बिंदोचं नाव नव्हतंच. नऊ वर्षांपूर्वी नगरातले सर्वांत बडे धनिक मेस्सेर अल्दोब्रांदो हद्दपारीतून परतले, तेव्हा त्यांनी एकही कायदा बदलला नाही. पंच राहिले, सोडत राहिली, पिशवीही तीच राहिली. फक्त, दिवस बरे नाहीत म्हणून, पिशवीत कुणाची नावं घालायची हे त्यांची पाच माणसं ठरवू लागली. पूर्वी चारशे नावं असत, आता साठ. त्या साठ चिठ्ठ्या नेरोत्सो लिही. गप्प राहण्याची शपथ त्याच्याकडून घेतली होती.

त्या हिवाळ्यात बिंदोनं अंथरूण धरलं. नेरोत्सो भेटायला गेला, तर बिंदोनं त्याचं मनगट घट्ट पकडलं. “खरं सांग, माझं नाव बाद तर नाही ना केलेलं?”

“आहे रे नाव.”

“मग निघेल कधीतरी.”

घरी येऊन नेरोत्सोनं बायकोला, तेस्साला, सगळं सांगून टाकलं.

“लिहा की मग त्यांचं नाव,” ती म्हणाली.

“मान जाईल माझी.”

“आत्ता तरी कुठं वर आहे ती?”

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यानं एकसष्टावी चिठ्ठी लिहिली. सोडतीत ती तिसरी निघाली. नाव त्यानंच वाचलं. आजारातून नुकताच उठलेला बिंदो भर चौकात रडला. रंगाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

दुपारीच मेस्सेरांचे चिटणीस सेर ग्रिफो यांनी नेरोत्सोला बोलावलं. यादी समोर होती. “हे नाव यात कुठं आहे, नेरोत्सो?”

खिडकीशी मेस्सेर अल्दोब्रांदो स्वतः नासपती सोलत बसले होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, “लिहिताना चुकलं असेल, ग्रिफो. असू दे. रंगारी भला माणूस दिसतो. जेवायला बोलवा त्याला.”

निभावलं म्हणून नेरोत्सो वाटेत देवळात जाऊन गुडघे टेकून आला.

आठवड्यानं नगरभवनाच्या जिन्यात बिंदो भेटला. अंगावर पंचांचा लाल झगा होता. “नेरो, माझं नाव पिशवीत नव्हतंच म्हणे! मेस्सेरांनी मुद्दाम घालून घेतलं. माझा हात हातात घेऊन सांगितलं त्यांनी. हा असला निळा हात!” मग त्याचा आवाज उतरला. “चिठ्ठ्या तू लिहायचास. नऊ वर्षं. आणि मला म्हणालास, आहे नाव.”

“बिंदो, ते नाव मी घातलं.”

“तू?” बिंदो हसला. त्या हसण्यात राग नव्हता. “शपथ मोडून? लेका, तू स्वतःच्या सावलीला भिणारा. जाऊ दे. तुझ्यावर राग धरायचा नाही, असं त्यांनीच बजावलंय मला.”

एप्रिलमध्ये पिशवीतली नावं ठरवणाऱ्या त्या पाच माणसांची मुदत दहा वर्षांनी वाढवण्याचा ठराव पंचांपुढे आला. होकाराला काळा पावटा टाकायचा, नकाराला पांढरा. आठांतले सहा होकार लागत. दोन म्हाताऱ्या पंचांनी नकार द्यायचं ठरवलं होतं. तिसरा मिळाला असता, तर चारशे नावं पुन्हा पिशवीत गेली असती. मोजणी नेरोत्सोनं केली. दाणे त्यानं दोनदा मोजले.

“सहा काळे. दोन पांढरे.”

समोर बिंदो समाधानानं बसला होता.

चार दिवसांनी सेर ग्रिफोंनी नवी यादी दिली. त्या दोन म्हाताऱ्यांची नावं गेली होती. सर्वांत वर बिंदोचं होतं. नेरोत्सोनं बोरू खाली ठेवला आणि मला मोकळं करा म्हणाला.

“का बरं? कुणी काही बोललं का?” सेर ग्रिफोंना खरंच नवल वाटलं. “अहो, मेस्सेर तुमच्यावर खूश आहेत. तुमच्या त्या चुकीनं केवढं काम झालं!”

नेरोत्सो जिना उतरून बाहेर आला. समोरून बिंदो येत होता. लोक वाट करून देत होते.

“काय रे, आज लवकर निघालास? बरं नाही का?”

“हो, जरा बरं नाही.”

नेरोत्सोनं पंचासमोर काढतात तशी टोपी काढली आणि लाल झगा दाराआड जाईपर्यंत तो बोडक्या डोक्यानं उन्हात उभा राहिला.